ठणठणीत माणसांचं रक्त

मंगळवार, ३ मार्च

ताई,

पोरगी माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. आधी एवढं वाच, घोटभर पाणी पी आणि मग पुढचं वाच.

दुपारी आली. पाठीवर सॅक, एक चप्पल पायात आणि दुसरी हातात, कारण तिचा पट्टा वाटेत तुटला. तशीच लंगडत स्टँडवरून चालत आली. जेवली, आंघोळ केली, आणि आता माझ्या पलंगावर हातपाय पसरून झोपली आहे. अगदी तुझ्यासारखी, दुसऱ्या माणसाला कडेला इंचभर जागा न ठेवता. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून हे लिहिते आहे.

फोनच केला असता, पण माझा नंबर दिसला की तू फोन पालथा घालून ठेवतेस हे मला ठाऊक आहे. दाजींना कळवलं. ते फक्त "बरं" म्हणाले. त्या एका "बरं"वरून कळलं की तुझ्या घरात सध्या कुणीच मोकळा श्वास घेत नाहीये.

तू म्हणशील, मी तिला फूस लावली. मला तर यातलं काही माहीतच नव्हतं. तुझं ल्युपसचं दुखणं निघालं तेव्हा मी दर रविवारी येऊन तुला तुझाच आजार समजावून सांगायचे, आणि एक दिवस तू म्हणालीस, "माझ्या आजारात तू पहिला नंबर काढलास, आता बक्षीस घे आणि नीघ." निघाले. त्यानंतर तुझ्या घराची बेल मी वाजवलेली नाही. तरी टिटवीला माझा पत्ता पाठ होता, ही गोष्ट मला फार आवडली. ती तान्ही असताना रडून घर डोक्यावर घ्यायची म्हणून मी ठेवलेलं ते नाव अजून कुणी बदललेलं नाही, हेही कळलं.

आता तिने सांगितलं ते लिहिते, खोटं असेल तिथे काट मार. जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला तिची निवड झाली. तूच शेजारीपाजारी सांगत सुटलीस. मग एका सकाळी जहाजावरचं ऊन तुझ्या डोक्यात आलं, आणि तू तिला कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेत नेऊन तुझ्या आजाराची तपासणी करून आणलीस. तिला ताप नव्हता, पुरळ नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या दोन दोन करून चढणारी पोरगी. आणि कागदावर आलं की तिच्या रक्तात तिच्याच शरीराविरुद्धची प्रतिद्रव्यं आहेत. तेव्हापासून ऊन लागू नये म्हणून खिडक्यांना जाड पडदे, गच्चीला कुलूप, पोहणं बंद, घरात सुद्धा पूर्ण बाह्या, आणि जहाजाचं नाव काढलं की तू रडतेस.

ताई, ही तपासणी आजारी माणसाची करतात. दुखणं दिसतं, मग शंका येते, मग रक्त काढतात. तू उलट्या बाजूने गेलीस.

तिला मी हाकलणार नाही आणि कुणी न्यायला आलं तर दारही उघडणार नाही. तिला स्वतःला यायचं असेल तर ती येईल. एकोणीस वर्षांची आहे.

तुझी धाकटी


गुरुवार, १२ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींत तू मला चांगलंच झोडपलंस, त्याबद्दल तक्रार नाही. अक्षर अजून तसंच आहे, एकेक अक्षर नकाशावर कोरल्यासारखं. पण चौथी ओळ मात्र मी गिळणार नाही. "तू ठणठणीत माणूस, तुला यातलं काय कळणार?"

ऐक मग. मी कुठे काम करते ते तुला माहीत आहे, काय करते ते तू कधी विचारलं नाहीस. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजणारं एक मोठं यंत्र आमच्या खोलीत आहे. रोज सकाळी ते सुरू केलं की त्याला आधी निरोगी माणसाचं रक्त दाखवावं लागतं, म्हणजे रुग्णाचं रक्त कशाच्या शेजारी ठेवून बघायचं ते ठरतं. निरोगी माणूस आणायचा कुठून? जो हाताशी असेल त्याचा दंड बांधायचा. बाकीचे सकाळी काही ना काही बहाणा काढतात. एकाला सुई बघून घेरी येते, एकीची नस सापडत नाही, एकाने म्हणे कालच दिलं. माझी नस सरळ आणि जाड, दोरीसारखी. त्यामुळे इतकी वर्षं मीच. आमच्याकडे मला कुणी नावाने हाक मारत नाही. "ए नॉर्मल, आलीस का? बाही वर कर." नळ्यांवर सुद्धा तेच लिहितात.

तर या नॉर्मलच्या रक्तात ती प्रतिद्रव्यं आहेत, ताई. तुझ्या लेकीच्या कागदावर जेवढी आली त्याच्या कितीतरी वर. एका नव्या कामासाठी आम्ही सगळ्यांनीच आपापलं रक्त तपासलं तेव्हा कळलं. टिटवी तेव्हा शाळेत होती. त्यानंतर मी डोंगर चढले, दोन घरं बदलली, एक लग्न मोडलं, आणि यातल्या कशानेही मला साधं पुरळ उठलं नाही.

आणि फक्त माझ्याच नाही. ते नवं काम म्हणजे प्रतिद्रव्यांच्याही मागे जाऊन पेशी शोधायच्या, ज्या स्वतःच्याच शरीराला ओळखतात आणि त्याच्यावर उठू शकतात. आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात सरळ लिहिलेलं होतं की छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते, पेशी तिथे तयार होतात, आणि जी पेशी आपल्यांवरच उठेल ती तिथेच मारली जाते. वाचून किती बरं वाटलं होतं मला. पण ती चाळणी आपल्या घरातल्या पिठाच्या चाळणीसारखीच निघाली. बरंच खाली सांडतं. आम्ही ज्याचं ज्याचं रक्त घेतलं त्याच्यात त्या पेशी सापडल्या. आमच्या डॉक्टरबाईंच्यात, जिन्याखालच्या वॉचमनच्यात, रोज धावायला जाणाऱ्या त्या आगाऊ विद्यार्थ्याच्यात, त्याने तर आकडा दोनदा मोजायला लावला. सगळे ठणठणीत. पेशी असतात, आणि त्यांना आवरून धरणाऱ्या दुसऱ्या पेशीही असतात, आणि बहुतेकांचं आयुष्य तसंच निघून जातं. काहींचं तर म्हणणं आहे की त्या सगळ्याच्या सगळ्या मारून टाकल्या तर जंतूंशी लढायला पुरेशा पेशीच उरणार नाहीत.

म्हणजे तू जे तिच्या रक्तात शोधून काढलंस आणि घाबरून पडदे लावलेस, ते त्या पडद्याचं कापड विकणाऱ्याच्या रक्तातही असेल. त्याला कोण कोंडतंय?

टिटवी मजेत आहे. माझी सगळी भांडी तिने जागा बदलून ठेवली आहेत आणि मला आता साधा चमचा सापडत नाही.

धाकटी


शुक्रवार, २० मार्च

ताई,

हे तू काय केलंस?

आज प्रशिक्षण संस्थेचं पत्र आलं. तुझ्या घरच्या पत्त्यावर गेलेलं, दाजींनी तुझ्या नकळत पुढे पाठवलेलं. त्यांना बोलू नकोस, त्यांनी केलं ते बरोबर केलं. पत्रात लिहिलंय की उमेदवाराच्या आईने रक्ताचा अहवाल पाठवून मुलीला आईचाच गंभीर आजार असल्याचं कळवलं आहे, म्हणून निवड तूर्त थांबवली आहे. तज्ज्ञाचं मत आणा, आमच्या डॉक्टरांपुढे पुन्हा उभ्या राहा, आणि जमल्यास आईलाही घेऊन या. मग ठरवू.

टिटवीने ते उभ्याने वाचलं. मला वाटलं आता टिटवी होणार, घर हलणार. पण नाही. न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. नळ सोडून रडायची ही सवय तुझी आहे, मला आठवते. पण तू वडिलांच्या भीतीने रडायचीस. तिला तुझ्या भीतीने रडावं लागतंय.

मी आता राग आवरून लिहिणार होते. आवरत नाही. तुला ल्युपस झाला, ऊन तुझं वैरी झालं, तुझी बोटं आखडली, तुझं जमीन-मोजणीचं काम सुटलं, हे सगळं मी पाहिलं आहे. कुणी तुला म्हणालं, तापट स्वभावाने स्वतःलाच खाल्लंस, तेव्हा मी त्या बाईला तिच्याच घरात उभं राहून सुनावलं होतं. तुला ते कुणी सांगितलं नसेल. पण तुझ्या आजाराने तुला कितीही हक्क दिले तरी एका निरोगी पोरीला आजारी म्हणून जाहीर करायचा हक्क दिलेला नाही. तो तुझा नाहीच. आईचा सुद्धा नाही.

सोमवारी आमच्या डॉक्टरबाईंकडे तिला नेते आहे. त्या जे म्हणतील ते लिहून संस्थेला देऊ. तू खुशाल आणखी पत्रं पाठव. मीही पाठवीन. टपाल खातं आपल्या दोघींवर चालू दे.

तुझीच, पण आज नाइलाजाने


बुधवार, २५ मार्च

ताई,

डॉक्टरबाईंनी टिटवीला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. सांधे, त्वचा, तोंडाच्या आतली बाजू, लघवी, मूत्रपिंडं, सगळं. मग म्हणाल्या, "ही निरोगी आहे. कागदावर जे आलंय तो आजार नाही. तसं मी लिहून देते."

मी लगेच कॉलर ताठ केली. तर बाई माझ्याकडे वळल्या आणि मलाच फैलावर घेतलं. "तू हिला काय सांगत बसली आहेस? काही होणार नाही म्हणून? आईला हा आजार आहे, त्यामुळे हिला तो व्हायची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त आहे. थोडीच आहे, पण आहे. खोटी आशा दाखवायची नाही. वर्षातून एकदा दाखवायला यायचं, अंग सुजलं, पुरळ आलं, ताप राहिला तर लगेच यायचं. तोवर जगायचं." मी मान खाली घातली. टिटवीला मात्र हसू आवरेना. मावशीला कुणी ओरडताना तिने पहिल्यांदा पाहिलं.

मग तिनेच बाईंना विचारलं, "मी उन्हात काम केलं तर माझ्यातल्या त्या पेशी जाग्या होतील?"

बाई म्हणाल्या, "तुझ्यातल्याच का, माझ्यातल्या होणार नाहीत हे कोण सांगणार? टोपी घाल, अंगाला क्रीम लाव, कामाला जा."

हे तुला जसंच्या तसं लिहिलं, कारण मी बाजू लढवताना अर्धंच सांगते असा तुझा जुना आरोप आहे. घे, पूर्ण सांगितलं.

दाजींचा फोन आला होता. तू माझी पत्रं फाडत नाहीस, वाचतेस, हे त्यांनी सांगितलं. आणि परवा जेवताना तू ताट सरकवून म्हणालीस, "सगळ्यांच्यातच असतात ना? मग मलाच का?"

ताई, याचं उत्तर मला माहीत नाही.

मी चाळीस शोधनिबंध वाचून आले असते तरी माहीत नाही. आवरून धरणाऱ्या पेशी तुझ्यात कधी आणि का ढिल्या पडल्या, ते कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. काही वंशातून, काही एखाद्या साध्या तापातून, काही उन्हातून, काही बाईपणातून, आणि बाकी निव्वळ योगायोग. तुझं काहीही चुकलं नव्हतं. तुझा राग, तुझी धावपळ, तुझं उन्हात जेवण विसरून काम करणं, यातलं काहीही तुझा गुन्हा नव्हता. हे मी त्या रविवारांमध्ये सांगायला हवं होतं, असं तू म्हणशील. मी तेव्हा सांगत होते. तू ऐकत नव्हतीस. असो, पुन्हा सांगितलं.

पण मला जे माहीत आहे तेही ऐक. तुझ्या आजारात ती प्रतिद्रव्यं दुखणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधीपासून रक्तात असतात. बहुतेकींच्यात असतात. म्हणजे तू एकोणीसची होतीस तेव्हा तुझ्यातही ती असण्याचा पुष्कळ संभव आहे. तेव्हा तू काय करत होतीस? मोजणीची तिपाई खांद्यावर टाकून माळामाळांतून हिंडत होतीस. नाकाचं कातडं सोलून यायचीस आणि आई ओरडली की हसायचीस. घरात सगळ्यांचा विरोध असताना तू त्या गबाळ्या नकाशेवाल्याशी लग्न केलंस, ज्याला आज मी दाजी म्हणते. तुझ्या मोजणीवर रस्ते झाले, लोक त्यावरून जातात. आणि त्या सगळ्या वर्षांत ते तुझ्या रक्तात होतं.

कल्पना कर की तेव्हा कुणीतरी प्रेमाने तुला कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेत नेलं असतं. एक कागद आला असता. आईने पडदे लावले असते. तू माळावर गेली नसतीस, दाजी तुला भेटले नसते, आणि ज्या पोरीसाठी तू आज जिवाचं रान करते आहेस ती जन्मलीच नसती.

तुझी ती वर्षं तुला मिळाली, कारण कुणी आधी बघितलं नाही. तू तिचं रक्त बघून टाकलंस. आता तिची वर्षं तरी काढून घेऊ नकोस.

संस्थेच्या डॉक्टरांसमोर येत्या सोमवारी सकाळी उभं राहायचं आहे. तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. आलीस तर काय बोलशील या विचाराने मला धडकी भरली आहे, एवढं मात्र कबूल करते. तू विरुद्ध बोललीस तर मी तिथेच तुझ्याशी भांडेन. लोक बघतील, बघू देत.

धाकटी


मंगळवार, ३१ मार्च

ताई,

काल तू मधेच उठून निघून गेलीस, म्हणून मला हे लिहावं लागतंय.

तू आलीस तेव्हा मी लढाईच्या तयारीत होते. तू छत्री, काळा चष्मा, हातमोजे घालून त्या लांब व्हरांड्यातून भिंतीच्या सावलीने चालत येत होतीस, आणि दाजी मागे तुझी औषधांची पिशवी घेऊन. टिटवी उभी राहिली. तू तिच्याकडे बघितलं नाहीस. माझ्याकडे तर नाहीच. मी मनात म्हटलं, झालं. गेली पोरीची नोकरी पाण्यात.

आत त्या डॉक्टरांनी आमच्या बाईंचं पत्र वाचलं, टिटवीला उठाबशा काढायला लावल्या, डोळे पाहिले, आणि मग चष्म्यावरून तुला विचारलं, "तुम्हीच कळवलं होतंत ना, मुलगी आजारी आहे म्हणून?"

तू हातमोजे काढलेस. सावकाश, एकेक बोट सोडवत. ती वाकडी बोटं टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, "आजारी मी आहे. ती नाही. मी चुकीचं कळवलं."

"पण बाई, उद्या होणार नाही याची खात्री देता का?"

"तुम्ही तुमची देता का?"

 त्याने पेन उचललं. मला हे सगळं मान्य करायला जड जातंय, पण मी इतकी पानं भरून जे लिहिलं ते तू चार शब्दांत त्याच्या तोंडावर फेकलंस. निवड कायम झाल्याचं त्याने तिथेच सांगितलं. टिटवी ओरडली. बाहेरच्या रांगेतली सगळी पोरं दाराशी गोळा झाली.

मी तुझे आभार मानणार नव्हते. ज्या खड्ड्यात तू तिला ढकललंस त्यातून तूच काढलंस, यात आभार कसले. असं काहीतरी टोचून बोलायचं मी ठरवूनच बाहेर आले. टिटवी आणि दाजी कागद आणायला खिडकीवर गेले होते. तू बाकावर बसली होतीस. मला हाताने शेजारी बस म्हणालीस. बसले. तू माझा उजवा हात ओढून मांडीवर घेतलास आणि करंगळीचं पेर दाबलंस.

"दुखतंय?"

"नाही."

पुढचं बोट. "इथे?"

"नाही, ताई."

"सकाळी उठल्यावर आखडतात?"

"नाही गं."

"खरं सांग. लहानपणी ताप लपवून शाळेत जायचीस तू."

माझी दहाही बोटं तू अशी दाबलीस. मग मनगटं. मग माझा चेहरा उजेडाकडे वळवून गालांवर कुठे लाली दिसते का ते बघितलंस. बाकावरची माणसं आपल्याकडे टक लावून बघत होती. मला टोचून बोलायचं होतं ते राहूनच गेलं. इतक्या पत्रांत मी माझ्या रक्ताचा आकडा तुझ्या तोंडावर मारत होते, तुला गप्प करायला. धाकट्या बहिणीच्या रक्तात ते आहे, ही तुझ्यासाठी बातमी होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग टिटवी कागद नाचवत आली, तुझ्या हातात माझा हात पाहिला आणि म्हणाली, "मावशी, आता तुझी पाळी का? आई रोज सकाळी अशीच माझी बोटं दाबते." आणि तू माझा हात सोडून, छत्री उघडून, सरळ चालायला लागलीस.

ताई, मी अजूनही तेच म्हणते. मी आजारी नाही, टिटवी आजारी नाही, आणि कोणा कागदाच्या भीतीने आम्ही दोघी पडद्याआड बसणार नाही. यात एक शब्दही मागे घेत नाही. ती सतरा एप्रिलला प्रशिक्षणाच्या जहाजावर जाते आहे. तिला निरोप द्यायला ये, भर दुपार असली तरी ये, मी छत्री धरते.

आणि ती गेल्यावर सकाळी उठून कुणाची बोटं दाबायची म्हणून तुला चैन पडणार नाही, ते मला ठाऊक आहे. रविवारी मी बेल वाजवणार आहे. तू दार उघड किंवा उघडू नकोस, मी वाजवत राहणार. तुला दाबायचीच असतील तर माझी दाब. दहाच्या दहा. पोरीची आता सोड.

धाकटी